हलाल, झटका आणि हिरवा ठिपका: खाण्यावर शिक्का कोण मारतो?

पाकिटावरचा हिरवा ठिपका सरकारी नियमाने येतो. हलालचा शिक्का खासगी संस्था देतात. वादाचं मूळ इथंच आहे.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याखालच्या नियमांनुसार पदार्थ शाकाहारी की मांसाहारी एवढं पाकिटावर दाखवावं लागतं. प्राणी कसा कापला, ते ही खूण सांगत नाही. हलालमध्ये अल्लाचं नाव घेऊन गळा चिरतात आणि रक्त वाहू देतात. झटक्यात एका घावात मान तोडतात. शीख रहित मर्यादेला पहिली पद्धत चालत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या (१९६०) कलम २८ नुसार धर्माला आवश्यक पद्धतीने प्राणी मारणं गुन्हा ठरत नाही. म्हणजे कापण्याची मुभा कायद्यात आहे, भांडण शिक्क्यावरून आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशने हलाल प्रमाणित मालाच्या उत्पादन, साठवण आणि विक्रीवर बंदी घातली. ही समांतर व्यवस्था ग्राहकाला गोंधळात टाकते, असं सरकारचं म्हणणं. निर्यातीला मात्र सूट! प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी कोर्टात सिमेंट आणि लोखंडी सळ्यांनाही हलाल प्रमाणपत्र मिळत असल्याचं सांगितलं. मांसाचा मुद्दा वेगळा आणि सळईचा वेगळा, हे दोन्ही बाजू सोयीने विसरतात.

सीमाभागाला हा विषय नवा नाही. २०२२ च्या युगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, कर्नाटकात हलाल मांसावर बहिष्काराची मोहीम झाली. जुन्या म्हैसूर भागात सणाच्या दुसऱ्या दिवशी, ‘होसतोडकु’ला, घरोघरी मटण शिजतं, मुहूर्त नेमका तोच निवडला होता.

महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटकांच्या झटका मटण दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र जाहीर केलं. त्यावर जेजुरीच्या काही ग्रामस्थांनीच देवाच्या नावाला आक्षेप घेतला. हलालच्या शिक्क्याला उत्तर म्हणून धर्माचाच दुसरा शिक्का, असा हा प्रकार.

ज्याला आपल्या धर्माप्रमाणे मांस हवं, त्याला ते ओळखता आलं पाहिजे. ज्याला नको, त्यालाही. अडचण दोघांची एकच आहे. शिक्क्याची फी कोण ठरवतं, दुकानात येऊन तपासणी कोण करतं, चुकीचा शिक्का मारला तर दंड कुणाला? निर्यातीच्या मांसासाठी केंद्राने २०२३ मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनाच मान्यता घ्यायला लावली. गल्लीतल्या मटणाच्या दुकानासाठी तसं काही केलेलं नाही.