क्षत्रपाची नाव आणि विणकरांकडची ठेव

राजधानीपासून लांबच्या मुलखाचा कारभार कसा चालवायचा, हा प्रश्न फार जुना आहे. आपण नंदुरबारकरणी तो चांगलाच ओळखतो.

साधारण २५०० वर्षांपूर्वी इराणात दार्युश राजा होता. त्याचं राज्य पार सिंधू नदीपर्यंत पसरलेलं. म्हणून मुलखाचे प्रांत पाडले होते आणि प्रत्येकावर एक अधिकारी होता. करवसुली, न्यायनिवाडा त्याच्याकडे. त्याच्यावर नजर ठेवायला राजाची माणसं तपासणीला यायची. निरोप्यांसाठी वाटेत टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे असायचे. लोकांची भाषा आणि देव मात्र लोकांकडेच राहिले.

त्या अधिकाऱ्याच्या पदाचं इराणी नाव आपल्याकडे ‘क्षत्रप’ झालं, म्हणजे राज्य राखणारा. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपान नावाच्या क्षत्रपाची सत्ता नाशिकवर होती. त्याचा जावई उषवदात. त्याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्यात, आजही आहेत. त्यानं सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. त्यांत आपली तापीही आहे! नावेचं मोल नर्मदाकाठच्या बहिणींना वेगळं सांगायला नको.

आता बचत गटांनी कान देऊन ऐका. उषवदातानं ३००० कार्षापण नाणी गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन संघांकडे कायमची ठेव म्हणून दिली. २००० वर व्याज महिना शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजच वापरायचं. हिशेब करून बघा. २००० चं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ नाणी. पै न पै जुळते! आणि हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत ऐकवला, फलकावर नोंदवला.

त्याच लेण्यात एका बाईचंही नाव आहे, दक्षमित्रा. नहपानाची लेक, उषवदाताची बायको. तिनं लेण्यातली एक खोली दान दिली. लेखात त्या खोलीला ‘ओवरक’ म्हटलंय. आपली ‘ओवरी’ तीच.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची हजारो चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सातकर्णीनं आपला ठसा मारलेला आहे. राजा बदलला, ठसा बदलला. सभेत ऐकवलेला हिशेब मात्र आज आपण इथे पुन्हा मांडू शकलो.

साहेब बदलतात, योजना बदलतात. आपल्या गटाची वही मात्र आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीत ती मोठ्यानं वाचूया. जिला अक्षर येत नाही, तिलाही तिचा पैसा कुठे आहे ते कळलंच पाहिजे.