डिझेल इंजिनाचें दीर्घायुष्य

१८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथें रुडॉल्फ डिझेलचें इंजिन यशस्वी ठरलें. परंतु विक्रीच्या मोटारगाडींत तें येण्यास जवळजवळ ४० वर्षें लागलीं. १९३६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीज-बेंझ कंपनीची '२६० डी' अवतरली. तिचें बळ अवघें ४५ अश्वशक्तीचें. वेगाच्या शौकिनांनीं नाक मुरडावें असेंच. परंतु इंधन कमी लागे, म्हणून टॅक्सीवाल्यांना ती मानवली.

पुढें याच कुळांतील १९७६ सालची एक '२४० डी' ग्रीसमधील थेस्सलोनिकीच्या टॅक्सीचालकानें ४६ लक्ष किलोमीटर चालविली व २००४ सालीं ती कंपनीच्या संग्रहालयास दिली. हा पराक्रम केवळ पोलादाचा काय? नव्हे. त्या गाडींत इंजिनें आळीपाळीनें बदललीं गेलीं होतीं.

डिझेल इंजिनांत दाबानें तापलेल्या हवेंत इंधन आपोआप पेटतें. त्यामुळें ठिणगी पाडणाऱ्या प्लगांचीं दुखणीं त्याला ठाऊक नाहींत. मात्र इंधन फवारणारा पंप अत्यंत सूक्ष्म मापाचा असतो; कचरा आणि पाणी हे त्याचे वैरी. म्हणून गाळणी वेळेवर बदलावी लागते. काजळीनें काळवंडणारें वंगणतेलहि तसेंच. व्हॉल्व्हची फट ठराविक अंतरानें तपासावी लागते. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु ज्याचें पोट गाडीवर, त्याला त्या टाळणें परवडत नाहीं.

'२४० डी'चेंच ओएम ६१६ इंजिन पुढें पुण्याजवळ आकुर्डीस बजाज टेंपो कंपनीनें बनविलें, आणि टेंपो ट्रॅक्समधून तें महाराष्ट्राचे घाट चढलें. तेथेंहि तें टिकलें तें निगा राखणाऱ्या हातांमुळेंच.