आधी रेडिएटर

परवा रात्री धाकट्या भावाचा फोन आला. सुरुवातीला इकडचं तिकडचं, मग मूळ मुद्दा. मूलच्या घरामागे शेडमध्ये उभी असलेली बाबांची जीप त्याला पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. "दादा, बजेट एवढंच आहे. एका वेळी एकच मोठं काम होईल. मी म्हणतो आधी टर्बो बसवू. तू काय म्हणतोस?"

मी लगेच काही बोललो नाही. कारण हा प्रश्न आमच्या घरात एकदा आधीही येऊन गेला आहे, आणि त्याचं उत्तर चुकलं होतं. त्या निमित्ताने या जीपच्या इंजिनाचा इतिहास जरा उकरून काढला. म्हटलं, लिहून ठेवावं. ताई वाचेलच.

सुरुवात थेट अमेरिकेतून. 1938 साली डेल्मार रूस नावाचा इंजिनियर विलीज कंपनीत मुख्य इंजिनियर म्हणून आला. त्याच्या वाट्याला आलं एक जुनं, 48 हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं इंजिन. कंपनीची परिस्थिती बेताची, नवीन इंजिन करायला पैसे नाहीत. म्हणजे अगदी आमच्या भावासारखीच अवस्था! आणि हे इंजिन जोरात पळवलं की टिकत नसे. रूसने ताकदीच्या आधी टिकाऊपणा धरला. पिस्टन हलके केले, भागांमधली फट अचूक केली, बेअरिंग आणि कूलिंग सुधारलं. इंजिन पूर्ण वेगात तासन्‌तास न थकता चाललं पाहिजे, हा त्याचा हट्ट. ताकद त्यातूनच वाढली, 48 ची 60 झाली. 1940 मध्ये अमेरिकन सैन्याने छोटी गाडी मागवली तेव्हा बँटम, विलीज आणि फोर्ड अशा तिघांच्या गाड्या आल्या. त्यात विलीजचं इंजिन सगळ्यात दमदार ठरलं. जीप जगभर गेली ती या इंजिनाच्या जोरावर.

पुढची पायरी हरिकेन इंजिनाची. सिलिंडरचं माप तेच, 2199 सीसी. फक्त इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये नेले, त्यामुळे इंजिनाला श्वास मोकळा मिळाला आणि ताकद सत्तरीच्या पुढे गेली. पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेटच उंच केलं. आपल्याकडच्या जुन्या महिंद्रा जीपचा तो उंच कपाळाचा चेहरा या व्हॉल्व्हमुळे आहे, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. एक गोष्ट सुधारली की शेजारची बदलावी लागते, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

महिंद्राने 1947 पासून आपल्याकडे जीप जोडायला सुरुवात केली. चांदा जिल्ह्यात (तेव्हा गडचिरोली वेगळा नव्हता, तो झाला 26 ऑगस्ट 1982 ला) रस्ते कमी, नाले फार. पावसाळ्यात भामरागडकडचा भाग तुटायचा तो तुटायचाच. अशा मुलखात साहेबाची असो की ठेकेदाराची, गाडी म्हणजे जीप.

मग 1973 चं तेलसंकट आलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. पेट्रोल पिणारी हरिकेन पोसणं अवघड झालं. महिंद्राकडे ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन होतं, ते जीपमध्ये आलं. पुढे 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाला आणि त्यांचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागलं. गावोगावच्या गॅरेजांत जुन्या पेट्रोल जीपची इंजिनं उतरवून डिझेल चढवायचा सपाटा सुरू झाला.

बाबांनी ही जीप 1978 साली सरकारी लिलावात घेतली. बांबू आणि तेंदूपत्त्याची कामं, आलापल्लीला मुक्काम. 1984 मध्ये त्यांनीही डिझेल इंजिन बसवलं. घरात तो सणच होता. आवाज ट्रॅक्टरसारखा, पण खर्च निम्म्याहून कमी, असं बाबा येईल त्याला सांगायचे.

1985 चा मे महिना. तेंदूचा हंगाम. आईला दिवस भरायला अजून महिनाभर होता, पण दुपारीच पोटात दुखायला लागलं. बाबांनी जीप काढली, चंद्रपूरला न्यायचं म्हणून. आष्टीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली. वर ते ऊन, मागच्या सीटवर आई, मी सात वर्षांचा. बाबा हंडा घेऊन वस्तीकडे पळाले. पाणी ओतलं, दोन किलोमीटर गेलो, पुन्हा वाफ. शेवटी बांबूचा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने क्लीनरला मागे बांबूवर बसवलं, आईला केबिनमध्ये घेतलं आणि आष्टीच्या दवाखान्यात पोचवलं. ताईचा जन्म तिथला. (ती धाकटी, पण सगळे ताईच म्हणतो.) दोघी वाचल्या, पण आई पुढचे दोन महिने अंथरुणातच होती.

त्या दिवसाबद्दल बाबा कधी बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

ते गेल्यावर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. परवाच्या फोननंतर 1984 ची काढून बसलो. इंजिनाचा खर्च, माउंटिंगचा खर्च, मजुरी, सगळं लिहिलेलं. खाली एक ओळ: "रेडिएटर मोठा – पुढच्या हंगामात." म्हणजे त्यांना माहीत होतं. मिस्त्रीने सांगितलं असणार. नवीन इंजिनासमोर जुनाच रेडिएटर, त्यात बोअरच्या पाण्याचा वर्षानुवर्षं साचलेला क्षार, आणि आपल्याकडचा मे! पैसे एकाच कामापुरते होते. त्यांनी इंजिन निवडलं, कारण इंजिनामुळे पैसे वाचणार होते आणि त्या पैशातून रेडिएटर येणार होता. हिशेब म्हणून तो चूक नव्हता. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित तेच केलं असतं. फक्त मधल्या काळात काय घडेल, हे हिशेबाच्या वहीत मावत नाही.

भावाला दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, टर्बो लाव, माझी ना नाही, पण शेवटी. टर्बो म्हणजे जास्त हवा, जास्त डिझेल, म्हणजे जास्त उष्णता. ती उष्णता बाहेर काढायची सोय आधी हवी. म्हणून पहिला नवा रेडिएटर, पाण्याचा पंप, होस पाइप आणि त्यात साध्या पाण्याऐवजी कूलंट. दुसरे ब्रेक, कारण जुने छोटे ड्रम आहे त्या वेगालाच कसेबसे पुरतात. मग क्लच आणि गिअरबॉक्स. इंजिनाची ताकद सगळ्यात शेवटी. आणि 1984 च्या डिझेलची आरसीवर नोंद आहे का ते आधी बघ, नसेल तर आरटीओची वारी रेडिएटरच्याही आधी.

तो थोडा हिरमुसला. "रेडिएटर कुणाला दिसणार, दादा?" म्हणाला.

मग मी त्याला वहीतली ओळ वाचून दाखवली. त्या दिवशी तो जन्मलेलाही नव्हता, ही गोष्ट त्याला उडत उडतच माहीत होती. फोनवर थोडा वेळ शांतता. नंतर म्हणाला, "चंद्रपूरला एक रेडिएटरवाला आहे, तांब्याचा बनवून देतो. उद्याच जातो."

असो. काम झालं की पहिली फेरी आलापल्ली ते आष्टी अशी ठरली आहे, मे महिन्यातल्या भर दुपारी. ताई, पुढची सीट तुझी.