तिफणीची झीज आणि तिचे शब्द

१

शेतीच्या अवजारांचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास इंग्लंडात पेरणीयंत्र सिद्ध केले, ही नोंद बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन हॅलकॉट याने दक्षिण भारतातील एका शेतात पेरणीची पाभर चालू असलेली पाहिली. युरोपाचा अर्वाचीन शोध म्हणून आपण जे साधन समजत होतो ते येथे नित्याच्या वापरात आहे, हे पाहून त्यास आश्चर्य वाटले. त्याचा हा वृत्तांत धरमपाल यांनी १९७१ साली आपल्या ग्रंथात पुन्हा उजेडात आणला. तथापि अवजार प्रथम कोणी केले याइतकाच, ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालते कोणी ठेवले, हाही प्रश्न इतिहासाचा आहे.

हा प्रश्न किती जुना आहे हे सुमेरच्या एका लेखावरून कळते. इ. स. पू. १७०० च्या सुमारास मृत्तिकापट्टांवर कोरलेल्या या लेखात एक शेतकरी आपल्या मुलास वर्षभराच्या कामाचा उपदेश करतो. बी टाकणाऱ्या नांगराविषयी तो सांगतो की, पेरणाऱ्यावर नजर ठेवावी, बी दोन बोटे खोल पडावे, आणि ते तासात नीट उतरत नसेल तर फाळाची पाचर बदलावी. पेरणीयंत्राविषयीच्या अतिप्राचीन लिखित उपदेशांपैकी एकात सुटा भाग बदलण्याची सूचना यावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

२

आता आपल्याकडील तिफणीचा विचार करू. दिंड नावाच्या आडव्या लाकडात तीन फण ठोकून बसविलेले असतात. प्रत्येक फणाच्या मागील छिद्रात बांबूचा एकेक नळा उतरतो. हे तिन्ही नळे वर एकत्र येऊन चाड्याला मिळतात. पेरणारी व्यक्ती चाड्यावर मूठ धरून बी सोडते व ते तिन्ही तासांत सारखे विभागून पडते. दिंड आणि फण यांना बाभळीचे लाकूड पसंत केले जाई. फणाच्या टोकाला लोखंडी फारोळे बसवीत.

या रचनेत प्रत्येक भाग निराळ्या कारणाने व निराळ्या वेगाने झिजतो. फारोळे मातीच्या घर्षणाने झिजते, आणि मुरमाड जमिनीत अधिक लवकर. एका फणाचे टोक आखूड झाले की त्या ओळीचे बी वर पडते. वरची माती वाळताच त्या ओळीची उगवण विरळ होते. बांबूचा नळा चिरतो, त्यास कीड लागते, किंवा त्याचे खालचे तोंड ओल्या मातीने बुजते. चाड्याचे एखादे छिद्र झिजून मोठे झाले तर एका ओळीत बी दाट व दुसरीत पातळ पडते. दिंडाचे छिद्र सैल झाले तर फण कलतो व दोन ओळींतील अंतर बदलते. याचा परिणाम पेरणीपुरता मर्यादित राहत नाही. पुढे त्याच ओळींमधून कोळपे चालवावयाचे असते. अंतर चुकले तर कोळप्याची पास पिकाचीच मुळे तोडते. मृगाच्या पावसानंतर जमिनीत योग्य ओल थोडेच दिवस टिकत असल्याने या चुका सुधारण्यास फार अवधीही मिळत नाही. म्हणून चैत्र-वैशाखातच अवजारांची डागडुजी उरकण्याचा प्रघात होता.

ही डागडुजी बलुत्याच्या व्यवस्थेत बसविलेली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर विवेचन आहे. सुतार आणि लोहार यांनी वर्षभर औतांची दुरुस्ती करावी आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यावा, असा हा व्यवहार होता. प्रत्येक पाचरीचा निराळा हिशेब होत नसे. ही व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती आणि वाट्यावरून कुरबुरी होत, हे विसरून चालणार नाही. तरीही दुरुस्ती हा आकस्मिक खर्च नसून पिकाचाच एक अंश आहे, ही तिच्यातील कल्पना ध्यानात घेण्यासारखी आहे.

३

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट विशेष जाणवते. चाडे, नळा, फण, फारोळे, दिंड ही नावे जेथे एकमेकांपासून वेगळी होतात, तेथेच अवजाराचे भागही सुटे होतात. जो तुकडा काढून दुसरा घालता येतो त्यास स्वतंत्र नाव आहे. पाचर व दोरी यांसारखे सर्वसामान्य शब्द या नियमाला अपवाद आहेत. पण ते अन्य कामांतही लागणाऱ्या वस्तूंचे शब्द असल्याने हा अपवाद समजण्याजोगा आहे. ‘तिफण’ या नावात तर सर्वांत अधिक झिजणाऱ्या भागाचीच संख्या सांगितलेली आहे. दोन फणांची ती दुफण. फणीशी फणाचे नाते उघड आहे.

प्रदेशभेदही बोलका आहे. विदर्भ-मराठवाड्यात तिफण, देशावर पाभर, तर कोल्हापूर-सांगलीकडे कुरी. कुरी या शब्दाशेजारी कन्नड ‘कूरिगे’ ठेवला असता दोन्ही भाषांच्या शेतकऱ्यांतील देवघेव दिसू लागते.

यापैकी कित्येक शब्द मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत व पुढे १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त नोंदले गेले, हे आपले भाग्यच. वस्तूच्या बाबतीत मात्र असा आधार मिळणे कठीण. आजोबांची म्हणून दाखविलेल्या तिफणीचे फण वडिलांनी बदललेले असतात, नळे गेल्या काही वर्षांतले असतात आणि दिंडही मूळचे असेलच असे नाही. ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात नागसेन रथाचा एकेक भाग दाखवून रथ कोठे आहे असे विचारतो. तोच प्रश्न येथे इतिहासकारापुढे उभा राहतो. लाकूड टिकत नाही; टिकते ती जोडणीची रीत आणि तिचे शब्द.

४

लोखंडी अवजारांनी हा क्रम बदलला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. अशा नांगराचा झिजलेला फाळ बोल्ट काढून उतरवावा व कारखान्यातून आलेला त्याच मापाचा दुसरा चढवावा, ही पद्धत रूढ झाली. भाग आता अवजाराला पाहून घडविला जात नाही. तो आधीच घडलेला असतो. आजच्या ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात बियाण्याची पेटी, खाचांचे रोलर, प्लॅस्टिकच्या नळ्या, साखळी व बेअरिंग असतात. एक टोक झिजले की उलटून लावता येणारा फाळही असतो. झिजेचे नियम मात्र तेच आहेत: रोलर झिजला तर बियाण्याचे प्रमाण बिघडते, फाळ झिजला तर खोली. दुकानात भाग मिळाला नाही तर पेरणी अडते, ही नवी अडचण आहे. आणि सुताराला द्यावयाचे धान्य आता रोख रकमेत मोजावे लागते.

शब्दांचीही अदलाबदल होत आहे. ‘बेरिंग’, ‘बूश’, ‘नट’ हे शब्द मराठीने आपले केले, आणि त्यात खेद करण्यासारखे काही नाही. मात्र चाडे व फारोळे यांची जोडणी स्वतःच्या हाताने केलेले सुतार-लोहार आता थोडे उरले आहेत. त्यांच्याकडून केवळ नामांची यादी घेऊन भागणार नाही. फण किती झिजला म्हणजे बदलावा, दिंडाचे सैल छिद्र कसे भरावे, हे सांगताना ते जी क्रियापदे व जी मापे वापरतात ती कोशांतून फारशी हाती लागत नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यात हे काम हाती घ्यावे. शक्य तेथे जुनी तिफण समोर ठेवून, ती उलगडून पुन्हा जोडवून घेताना नोंदी कराव्यात.