कानापुरते संगीत

महाग वस्तू तीच चांगली वस्तू, हा समज बाजाराइतकाच जुना आहे. सोनाराच्या दुकानात तो खरा ठरतो, कापडाच्या दुकानातही पुष्कळदा खरा ठरतो. परंतु काही वस्तू अशा असतात की त्यांच्या बाबतीत हा समज साफ फसवतो. हेडफोन ही त्यांतलीच एक. या वस्तूला आपण अजून धड मराठी नावही दिलेले नाही. ‘श्रवणयंत्र’ म्हणावे तर ते कमी ऐकू येणाऱ्यांचे समजले जाते, आणि ‘कर्णभूषण’ म्हणावे तर घरातील स्त्रिया हसतील. तेव्हा हेडफोन तो हेडफोनच.

मी पेशाने शाळामास्तर. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर वरच्या वर्गांतली मुले मास्तरांना नाना प्रश्न विचारतात. त्यांत हल्ली एका प्रश्नाची भर पडली आहे. “सर, दीड हजारात चांगला हेडफोन येतो का हो?” दीड हजार ही रक्कम काही वाचकांना किरकोळ वाटेल. पण पुष्कळ घरांत ती भाऊबीजेची ओवाळणी, सुट्टीत कुणाच्या दुकानात केलेली मदत आणि आईने डाळीच्या डब्यात जपून ठेवलेल्या दोन नोटा, अशी मिळून जमते. ती वाया गेली तर वर्षभर हळहळ. शिवाय वस्तू कानाला लावायची, म्हणजे चुकीच्या निवडीचा भुर्दंड नुसता खिशालाच बसतो असे नाही. म्हणून मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत न शोधता इतिहासात शोधावे. हेडफोन आजच्या रूपाला कसकसा आला हे कळले, की कशासाठी पैसे मोजावेत आणि कशासाठी मोजू नयेत हे आपोआप कळू लागते.

हेडफोनचे मूळ टेलिफोनमध्ये आहे. १८८१ साली पॅरिसला विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे क्लेमां आदेर नावाच्या फ्रेंच अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे ध्वनिग्राहक मांडले आणि दूरच्या दालनात श्रोत्यांच्या दोन्ही कानांना एकेक श्रवणनळी दिली. एका कानात रंगमंचाच्या एका बाजूचा आवाज आणि दुसऱ्या कानात दुसऱ्या बाजूचा! गायक चालत इकडून तिकडे गेला की ऐकणाऱ्याला ते डोळे मिटून कळे. ज्याला आपण आज ‘स्टिरिओ’ म्हणतो त्याचा हा पहिला आविष्कार. व्हिक्टर ह्यूगोसारखा महाकवी नातवंडांना घेऊन तो ऐकायला गेला होता. पुढे १८९० मध्ये याचा व्यवसाय झाला. हॉटेलांतून यंत्रे बसली आणि ५० सांतीमचे नाणे टाकले की पाच मिनिटे गाणे ऐकायला मिळू लागले. ज्याला नाटकगृहाचे तिकीट परवडत नसे त्याच्यासाठी ही पाच मिनिटे म्हणजे केवढी चैन! लंडनमध्ये १८९५ पासून अशीच सोय घरबसल्या मिळू लागली. पण तिची वर्षाची वर्गणी पाच पौंड, म्हणजे ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरतीच राहिली.

आजच्यासारखा, डोक्यावर पट्टी आणि दोन कानांवर दोन वाट्या असा हेडफोन १९१० साली अमेरिकेतल्या यूटा प्रांतात तयार झाला, आणि तो बनवणारा माणूस एके काळी मास्तर होता, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. नथॅनिएल बाल्डविन हे त्याचे नाव. मोठ्या प्रार्थनामंदिरात मागे बसले की प्रवचन ऐकू येत नाही, एवढ्या साध्या अडचणीतून तो आवाज वाढवण्याच्या खटपटीला लागला. त्यातून निघालेले यंत्र त्याने अमेरिकी नौदलाकडे तपासणीसाठी पाठवले. नौदलाच्या अधिकाऱ्यांनी ते लावून पाहिले तो काय, त्यांच्याजवळच्या कोणत्याही यंत्रापेक्षा त्यातून संदेश स्पष्ट ऐकू येत होते! लगेच मागणी आली. बाल्डविनचे उत्तर असे, की मी हे घरच्या स्वयंपाकघरात बनवतो, एका वेळी दहांहून अधिक जमणार नाहीत. पुढे त्याचा कारखाना उभा राहिला आणि बुडालाही. परंतु जगातला पहिला उत्तम हेडफोन चुलीशेजारी तयार झाला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

त्यानंतर रेडिओ आला. मुंबईत १९२३ मध्ये रेडिओ क्लबने प्रक्षेपण सुरू केले आणि २३ जुलै १९२७ रोजी तेथे रीतसर नभोवाणी केंद्र उघडले. त्या काळात जगभर गरिबाचा रेडिओ म्हणजे स्फटिकाचा संच. त्याला ना बॅटरी लागे, ना विजेची जोडणी. हवेतून येणाऱ्या लहरीत जेवढी शक्ती असेल तेवढ्यावरच आवाज निघायचा, आणि तो इतका क्षीण असायचा की हेडफोनवाचून ऐकूच येत नसे. मग घरातली माणसे काय करीत? हेडफोन काढून एखाद्या मोठ्या वाडग्यात ठेवीत आणि वाडग्याभोवती डोकी जमवीत. वाडग्यात आवाज जरा घुमतो. एका हेडफोनवर अख्खे कुटुंब!

इथपर्यंतचे हेडफोन बोलणे समजावे एवढ्यासाठी होते. त्यांत पोलादी पडदा लोहचुंबकासमोर थरथरे. बोल कळत, पण संगीताचा गोडवा उतरत नसे. १९३७ मध्ये बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कारखान्याने निराळी रचना बाजारात आणली. हलक्या पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवायचे आणि ते चुंबकाच्या फटीत मोकळे ठेवायचे. वीज आत-बाहेर वाहिली की वेटोळे हलते, पडदा हलतो आणि हवा हलते. आज रस्त्यावर शंभर रुपयांना मिळणाऱ्या आणि काचेच्या कपाटात कुलूपबंद असणाऱ्या बहुतेक हेडफोनांच्या पोटात हेच यंत्र आहे. म्हणजे मूळ तत्त्वात गरीब-श्रीमंत भेद फारसा नाही!

संगीतासाठी हेडफोन ही कल्पना रुजवली ती मिल्वॉकी शहरातल्या जॉन कॉस यांनी. लग्नात कोच घेण्यासाठी मिळालेले पैसे त्यांनी कोचात घातले नाहीत, तर रुग्णालयातील आजाऱ्यांना दूरदर्शन संच भाड्याने देण्याच्या धंद्यात घातले. १९५८ साली त्यांनी एकट्याने ऐकायचा ग्रामोफोन बनवला आणि त्याला जोड म्हणून छोटे स्पीकर कानांवरच्या वाट्यांत बसवले. प्रदर्शनात लोकांनी ग्रामोफोनाकडे पाठ फिरवली आणि हेडफोनासाठी झुंबड केली.

पण हे हेडफोन जड होते आणि बंद होते. घटकाभरात कान घामेजत. १९६८ मध्ये जर्मनीतल्या झेन्हायझर कंपनीने पाठीमागून उघडा हेडफोन काढला. कानाशी पिवळ्या फोमच्या गाद्या आणि वजनाने अगदी हलका. त्यातून हवा खेळे, आवाजही मोकळा वाटे आणि वायर तुटली तर नवी लावता येई. दुरुस्त होणारी वस्तू हीच स्वस्त वस्तू, हा धडा त्या हेडफोनाने दिला.

आता विद्यार्थ्यांच्या खिशाकडे येतो. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने जपानात वॉकमन विकायला काढला. कंपनीचे धुरीण अकिओ मोरिता यांचा हट्ट होता, की हे यंत्र तरुणांसाठी आहे, तेव्हा ते उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी आले पाहिजे आणि त्यांना परवडले पाहिजे. किंमत ठरली ३३,००० येन. तोपर्यंत हेडफोनचे वजन ३०० ते ४०० ग्रॅम असे. वॉकमनसोबतचा हेडफोन होता ५० ग्रॅमच्या आसपास. पहिल्या महिन्यात जेमतेम ३,००० यंत्रे खपली. मग कंपनीची माणसे यंत्र घेऊन रस्त्यांवर आणि आगगाड्यांत हिंडली आणि तरुणांच्या कानांना लावून दाखवू लागली. ऑगस्ट संपेपर्यंत पहिली तीस हजार यंत्रे संपली! जे जाहिरातीने साधले नव्हते ते प्रत्यक्ष ऐकवण्याने साधले. आणखी एक मौज म्हणजे त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन जागा होत्या, दोघांनी मिळून ऐकण्यासाठी.

बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या हेडफोनची कथा एका भारतीय वंशाच्या माणसाशी जोडलेली आहे. अमर बोस हे बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारकाचे चिरंजीव. मुलगा तेरा वर्षांचा असताना महायुद्धामुळे वडिलांचा धंदा बसला, तेव्हा त्याने रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावला. पुढे ते मोठे प्राध्यापक झाले. १९७८ साली झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीत हेडफोनवरचे गाणे त्यांना ऐकू येईना. त्यांनी विमानातच गणित मांडले: गोंगाटाची लाट टिपायची आणि तिच्या नेमकी उलटी लाट कानात सोडायची, दोन्ही मिळून शून्य. ही युक्ती पंख्याच्या, बसच्या, विमानाच्या एकसुरी घरघरीवर उत्तम चालते; शेजारच्या खोलीतल्या गप्पांवर तेवढी चालत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. गप्पा अडवायला कानात नीट बसणारे रबरी बोंड पुष्कळ उपयोगी पडते, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

एवढा इतिहास पाहिल्यावर किमतीचे काय? २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेडफोन खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत किती जोराने वाजतो याचे आलेख त्याने किमतींशेजारी ठेवून पाहिले. निष्कर्ष असा, की त्या आलेखाचा आणि किमतीचा मेळ बसत नाही! महागात टिकाऊपणा, मऊ गाद्या, बिनतारी सोय, नाव हे सारे मिळत असेल. सूर मिळेलच याची हमी नाही.

मग मुलांना मी काय सांगतो? पहिले, कशासाठी हवा ते ठरवा. घरी शांत खोलीत ऐकायचे तर उघडा हेडफोन कानाला सुखाचा. पण त्यातला आवाज शेजाऱ्यालाही ऐकू जातो, म्हणून वाचनालयात आणि एस.टी.त बंद किंवा कानात बसणाराच बरा. दुसरे, पैसे थोडे असतील तर वायरचा लाज न बाळगता घ्या. बिनतारी हेडफोनात तुमचे काही पैसे बॅटरीत आणि लहरी पकडणाऱ्या यंत्रात जातात, आणि बॅटरी काही वर्षांत थकते. तुमच्या फोनला वायरची जागा नसेल तर लहानसा जोड घ्यावा लागेल, तो हिशेबात धरा. तिसरे, खोक्यावर ‘२० ते २०,०००’ असे लिहिलेले पाहून भुलू नका. माणसाच्या कानाची मर्यादाच तेवढी आहे, आणि हा आकडा चांगल्या-वाईट बहुतेक खोक्यांवर असतो. त्यापेक्षा ओहमचा आकडा पाहा. १६ किंवा ३२ असेल तर फोनवर सहज वाजतो, २५० असेल तर निराळे यंत्र लागेल.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, ऐकून घ्या. रोजच्या परिचयाचे एखादे गाणे सोबत न्यावे. तंबोरा गळ्यापासून वेगळा ऐकू येतो का? डग्ग्याचा घुमारा भांड्यासारखा ढबढब होत नाही ना? ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत नाहीत ना? दुकानदार आवाज चढवून दाखवील. तो तुम्ही उतरवून ऐका, कारण मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो. दहा मिनिटे डोक्यावर ठेवा, दुखतो का पाहा. गादी आणि वायर बदलता येते का विचारा, पावती घ्या, आणि नामांकित नावातले एक अक्षर फिरवून छापलेल्या खोक्यापासून दूर राहा. इतक्या चौकशीअंती दीड हजारात, किंबहुना त्याहून कमीतही, चांगली वस्तू मिळते.

पाचवी गोष्ट पैशाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे निर्धोक. ९० डेसिबल झाला की हीच मुदत चार तासांवर येते. कानाच्या शंखात जन्मतः सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून चांगला हेडफोन तो, जो हळू आवाजातही सगळे ऐकवतो.

आणि दिवाळीत तो घरात आलाच, तर एकदा आजीच्या कानाला लावून तिच्या आवडीचे नाट्यगीत ऐकवावे. तिने ते तरुणपणी कर्ण्याच्या खरखरीत ऐकलेले असेल. साथीच्या ऑर्गनचे सूर तिला बहुधा पहिल्यांदाच वेगळे ऐकू येतील.