विमानाची सामाईक मालकी

एकच विमान अनेकांनी भागीदारीत घेऊन पाळीपाळीने वापरण्याची व्यवस्था. या कल्पनेचे जवळचे जुने रूप सापडते ते जुहूला, 1928 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात. तेथे मालकी क्लबाची, वापर सभासदांचा. जे. आर. डी. टाटा तेथेच उडायला शिकले. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

खऱ्या भागीदारीत हँगरभाडे, विमा, वार्षिक तपासणी हा खर्च हिश्शाप्रमाणे वाटला जातो. इंधन व इंजिननिधी उड्डाणाच्या तासांवर आकारतात. विमानाची निवड करताना रंगरूपापेक्षा इंजिनाचे उरलेले तास पाहावेत. सेस्ना 172 या लहान विमानाच्या लायकमिंग इंजिनाची संपूर्ण दुरुस्ती साधारण 2000 तासांनी येते; निधी साठवला नसेल तर भागीदारांचे बिनसते ते बहुधा तिथेच. या विमानात आसने चार असली, तरी टाक्या काठोकाठ भरल्यावर चार धडधाकट माणसांचे वजन सहसा मर्यादेत बसत नाही. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत धातू लवकर गंजतो. उघड्यावर उभे केलेले विमान स्वस्तात मिळाले, तरी महागच पडते. हिस्सा विकताना पहिला हक्क उरलेल्या भागीदारांचा, हे कलम करारात आधीच घालतात.