ब्रह्मपुरीचा समुद्रदेव

अंबाबाईला ओटी भरली की आपण सरळ एसटी स्टँड गाठतो. यंदा आम्ही गटातल्या बायका वाटेत टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयातही शिरलो.

तिथल्या संग्रहात काशाची एक लहानशी मूर्ती आहे, दाढीवाल्या पुरुषाची. हा पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्रदेव. ग्रीसमध्ये पोरोस बेटावर त्याचं मोठं देऊळ होतं. तिथं शरण आलेल्याला कुणी हात लावत नसे. आता नुसते दगड उरलेत.

पण समुद्राचा देव कोल्हापुरात कसा? मूर्ती सापडली पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातली विटांची घरं निघाली. नाणी, मणी, बांगड्या, मडकीही. म्हणजे बायकांचाच संसार की! त्या काळी रोमन जहाजं आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागत, मिरी आणि सुती कापड नेत. त्यांचा माल घाट चढून इथवर आला.

परतताना एसटीत सगळ्या गप्पच होतो. गेल्या वर्षी गटातल्या एकीच्या घराचा पाया खणताना जाड विटा, खापरं निघाली होती. आम्हीच ती ट्रॉलीत भरून ओढ्यात टाकली. पुरलेला मौल्यवान ऐवज सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. खापरांना तेवढी किंमत नसेल, पण शाळेतल्या गुरुजींना तरी दाखवायची होती.